अ‍ॅस्पिरिनच्या आधी फॉर्मालिनकडे बघा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

अ‍ॅस्पिरिनने कॅन्सर पसरायचा थांबतो, हे निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे सरकारी रुग्णालयांच्या पॅथॉलॉजी विभागात अडकते, म्हणून हे पत्र.

रक्तातल्या प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन ए2 नावाचे रसायन सोडतात आणि त्याने कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशींना फुप्फुसात, यकृतात रुजायला तेवढी सवड पुरते. अ‍ॅस्पिरिन हे थ्रॉम्बॉक्सेनच बनू देत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2025 मध्ये ही साखळी उलगडली, पण उंदरांमध्ये.

माणसांतला भक्कम पुरावा मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरपुरता आहे, तोही सर्वांसाठी नाही. स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या अलास्का (ALASCCA) नावाच्या चाचणीत गाठीच्या पीआय3के साखळीतल्या, म्हणजे पेशींच्या वाढीचे संदेश पोचवणाऱ्या, जनुकांत बदल असलेल्या 626 रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज 160 मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. त्यातल्या पीआयके3सीए जनुकातल्या नेहमीच्या बदलांच्या गटात तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण 14.1 टक्क्यांवरून 7.7 वर आले. या साखळीतला कुठला ना कुठला बदल तपासलेल्यांपैकी 37 टक्क्यांत सापडला होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र रोज 300 मिग्रॅ देऊनही फायदा दिसला नाही. परळच्या टाटा रुग्णालयाचा सहभाग असलेली अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन चाचणी आणखी काही कॅन्सरांबद्दल सांगेल.

म्हणजे आधी जनुक तपासायचे, मग गोळी. गोळी काही पैशांची. तपासणी महाग, आणि ती बिघडते ऑपरेशन थिएटरच्या दारातच. काढलेले आतडे न उघडता लहान बरणीत कोंबले जाते, कधी नुसत्या सलाईनमध्ये रात्रभर पडते, कधी शनिवारी टाकलेला नमुना थेट मंगळवारी निघतो. नमुना टिकवणारे फॉर्मालिन आत पोचत नाही, डीएनएचे तुकडे होतात आणि अहवाल येतो: ‘नमुना अपुरा’.

यावरचा उपाय साधा आहे: फॉर्मालिनचे द्रावण नीट बनवावे. 100 मिली व्यापारी फॉर्मालिन, 900 मिली डिस्टिल्ड वॉटर, 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, 6.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. फॉर्मालिनमध्ये हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते; फॉस्फेट वगळून नुसते पाणी मिसळले की त्या आम्लाला आवर राहत नाही आणि ते डीएनएचे नुकसान करते. आतडे उभे उघडून, धुऊन, दहापट द्रावणात 24 ते 48 तास ठेवावे. बरणीवर टाकल्याची तारीखच नव्हे, वेळही लिहावी. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे, जपून ठेवावेत. हरवलेल्या ब्लॉकवर कुठलीच तपासणी होत नाही.

गोळी देतानाही डोळे उघडे हवेत. अलास्का चाचणीत गंभीर त्रास अ‍ॅस्पिरिन गटात 16.8 टक्के होता, दुसऱ्यात 11.6. पोटात अल्सर होऊन गेला असेल, तर सुरू करण्याआधी एच. पायलोरी हा जठरातला जिवाणू तपासावा. डेंग्यूचा संशय आला की गोळी तत्काळ बंद. पावसाळ्यात हे प्रत्येक आशाताईला ठाऊक हवे. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन आधी घेतले तर ते अ‍ॅस्पिरिनची जागा अडवते, त्यामुळे आयबुप्रोफेन असलेल्या कॉम्बिफ्लॅमची सवय आहे का, हे विचारलेच पाहिजे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पीआयके3सीए तपासणी नावानिशी असावी आणि वर सांगितलेल्या द्रावणाची खरेदी जिल्हा रुग्णालयांना बंधनकारक व्हावी. चाचणीत औषध शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झाले होते. त्यामुळे अहवाल सहा आठवड्यांत रुग्णाच्या हाती पडावा, अशी मुदत शासन निर्णयातच घालावी.

आपले,
कर्करोग शस्त्रक्रिया आणि पॅथॉलॉजी विभागांत काम करणारे आम्ही काही डॉक्टर