नवरात्रात नको, हुरड्याला ये

सोलापूर

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

नवरात्रात गाडी घेऊन इकडं फिरायच्या बेताचा तुझा नकाशा मिळाला. आईच्या मोबाईलवर मोठा करकरून बघितला. भिगवण, करमाळा, परांडा, बार्शी, नान्नज, मग घरी, आणि शेवटी हत्तरसंग कुडल. गावं झकास निवडलीस. तारीख तेवढी चुकलीस.

नवरात्र म्हणजे आपल्याकडे हस्ताचा पाऊस. पुण्यात पाऊस तोवर परतीला लागलेला असतो, आपल्याकडे मात्र सप्टेंबरातच सगळ्यात जास्त पडतो. आणि तू निळ्या रेघेनं आखलेत ते डांबरी रस्ते नव्हेत गं, शेतातल्या गाडीवाटा आहेत. खाली सगळी काळी रेगड.

वडापची जीप चालवायचो तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण त्यात शहाणपणा माझा नव्हता. सीनेकाठच्या एका गावाहून अकरा माणसं भरून निघालो होतो. रात्री पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन, वाट वरून वाळल्यासारखी दिसत होती. दोनशे पावलंही गेलो नसेन, चाकं भरली. टायरच्या खाचा बुजून रबर गुळगुळीत झालं, मडगार्डात माती अशी ठासली की चाक फिरायलाच जागा उरेना. मी काय करावं? एक्सलेटर दाबला. जीप पोटावर बसली. एक म्हातारे शेतकरी बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "ड्रायव्हर, आता तंबाखू खा." बैलजोडी आणून त्यांनीच ओढून काढलं. मडगार्डातली माती दुसऱ्या दिवशी विटेसारखी कडक झाली होती, पहारीनं फोडून काढली.

तू म्हणशील, अण्णा, माझी फोर बाय फोर आहे. असू दे. रेगडीत दोनाऐवजी चारही चाकं गुळगुळीत होतील, एवढाच फरक. म्हणून डिसेंबर संपता संपता ये. हुरडा असतो, भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात, आणि संक्रांतीपर्यंत थांबलीस तर सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही. नळदुर्गचा नर-मादी धबधबा हुकेल, कबूल. तो पावसाळ्यात एखाद्या रविवारी डांबरी रस्त्यानं येऊन बघ.

हिवाळ्यातही अवकाळी एखादी सर येतेच. ओली वाट दिसली की आधी उतर, चालून बघ. चप्पल चिकटून जड झाली तर गाडी वळव, मागं जाण्यात कमीपणा नाही. जायचंच असेल तर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर, चिखलात शिरायच्या आधी टाक, रुतल्यावर नव्हे. दुसरा गिअर, पाय स्थिर, मध्ये थांबायचं नाही. टायरात हवा बत्तीस-पस्तीस पीएसआय असते ती वीस-बावीसवर आण, टायर पसरून पकड धरतो. पण मग जोरात पळवू नकोस, डांबराला लागलीस की आधी हवा भर. त्यासाठी लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप घे. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळू नकोस, गिअरबॉक्स ताणतो.

तुझ्या यादीत टपावरचा तंबू, फ्रीज, दिव्यांची माळ सगळं आहे. टोचनचा, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचा, पट्टा नाही! पट्टा, तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या (शॅकल), फावडं आणि जॅकखाली घालायला एक जाड फळी, एवढं आधी भर. फळी नसेल तर मऊ मातीत जॅकच खाली जातो, गाडी वर येत नाही. स्टेपनीची हवा घरून निघतानाच बघ. फ्रीज राहू दे. आई कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी देणार आहे, त्यांना फ्रीज लागत नाही. टपावर वजन कमी असलं की ओघळीत गाडी कलतेही कमी.

मुक्कामाचं. करमाळ्याला कमलादेवीच्या देवळाचे ९६ खांब मोज, परांड्याच्या किल्ल्यात तोफा बघ, पण तिथं तंबू नको. एखाद्या वस्तीवर जाऊन विचार, "मामा, रात्रीपुरतं बांधाकडेला थांबू का?" नाही कुणी म्हणणार नाही, उलट हुरडा भाजायला बसवतील. त्यांची विहीर, त्यांचं कुत्रं, म्हणजे तूही निर्धास्त. विस्तव मात्र त्यांनी दाखवलेल्या जागीच. वाळल्या गवतात ठिणगी पडली तर कडब्याची गंजी जाते, म्हणजे जनावरांचं वर्षाचं खाणं. सकाळी बूट झटकून घाल, माळावर फुरसं असतं, विषारी साप.

नान्नजला तंबूचा विचारच सोड. ते १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते. आणि मोकळा माळ दिसला म्हणून चाक खाली घालू नकोस. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, दगडासारखं दिसणारं. टिटव्याही तशाच. माळढोक आता दिसलाच तर नशीब, काळवीट मात्र दिसतील. इंजिन बंद करून बस.

भीमेच्या पात्रात वाळूवर झोपायचं फोटोत फार छान दिसतं. नको. उजनी धरणातून नदीत पाणी सोडतात, त्यामुळे आभाळात ढग नसतानाही पात्र भरतं. दरडीच्या वर राहा.

कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे. हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ शिवमुखं कोरलेली पिंड आहे. शेजारच्या संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचा. इतकी वर्षं त्या बाजूला वडाप नेलं, माणसं उतरवली, भाडं घेतलं, परत फिरलो. तुळईकडे मान वर करून एकदाही बघितलं नाही. तेव्हा तेवढ्या टप्प्याला मी येणार. चालवणार तूच, मी डावीकडे बसेन आणि ओली वाट आली की खाली उतरून पुढं चालेन.

तारीख लवकर कळव. आईला भाकऱ्या दोन दिवस आधी थापून वाळवाव्या लागतात. आणि ती फळी विकत घेऊ नकोस, जीपमधली माझी आहे माळ्यावर.

तुझे,
अण्णा