नुसता भाता

प्रिय मित्रा,

गेली एकदाची! परवा रात्री आपली कल्हईची फिल्म तिरुवनंतपुरमच्या महोत्सवाला पाठवली. केरळची चलच्चित्र अकादमी माहितीपट आणि लघुपटांसाठी 2008 पासून भरवते, तोच. आपण पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनमध्ये मुंबईचा महोत्सव बघायला गेलो होतो, जागा नव्हती म्हणून पायऱ्यांवर बसून तीन फिल्म पाहिल्या, आठवतं? बाहेर पडताना तू म्हणालास, इथे आपलीही लागली पाहिजे. अर्ज भरताना तेच डोक्यात होतं. मुंबईचा महोत्सव दोन वर्षांतून एकदा येतो, तिथेही पाठवणारच आहे.

पण पत्र लिहायला बसलोय ते तुझे आभार मानायला. फिल्म तुझ्या आवाजांनी वाचली.

आपले कल्हईवाले चाचा परातीत नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो आणि मागे कुणाच्या तरी रेडिओवर जुनं हिंदी गाणं चालू असतं, तो शॉट म्हणजे आपल्या दोघांचा जीव की प्राण. अर्जात विचारलं होतं, संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत का? मला वाटायचं, मागे आपसूक वाजणाऱ्या गाण्याचं कोण काय विचारणार! चौकशी केली तेव्हा कळलं की रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे आणि शब्द-चालीचे वेगळे. आपल्याकडे रेकॉर्डिंगचे हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतात, गीतकार-संगीतकारांचे तर ते गेल्यानंतर 60 वर्षं. म्हणजे गाणं काढणं आलं. आणि ते भात्याच्या आवाजात इतकं मुरलेलं, की त्याला हात लावला तर सगळंच जात होतं. दोन दिवस हातपाय गाळून बसलो.

मग तुझ्या फोल्डरमध्ये खाली तीन फाइली सापडल्या. ‘नुसता भाता’, ‘नुसती हातोडी’, ‘पाण्यात चर्र’. त्या दिवशी ऊन चढलं होतं, आम्ही सामान आवरत होतो आणि तू रेडिओ बंद करायला लावून चाचांना म्हणालास, अजून एकदा भाता मारा ना, कॅमेरा नाही, फक्त आवाज. मी तुझ्यावर वैतागलो होतो. चूक माझी होती, आज सांगतो. तो सगळा शॉट तुझ्या त्या तीन फाइलींवर उभा आहे. आता धूर उठतो तेव्हा फक्त भाता ऐकू येतो, कुणी शेजारी बसून श्वास घेतंय असा. गाण्यापेक्षा कितीतरी चांगला झालाय. शेवटी ‘ध्वनी’ म्हणून तुझं नाव एकट्याचं ठेवलंय, पडदाभर.

22 मिनिटांची फिल्म 14 वर आणली. मंडई गेली, एसटी स्टँडही गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

सबटायटल्सनी मात्र घाम काढला. दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि माणूस बोलून पुढे गेलेला असतो. चाचा म्हणतात ना, “कल्हई उडाली की ताक कळकतं, ताई.” आता ‘कळकतं’ला इंग्रजीत काय म्हणणार? आंबतं नाही, नासतं नाही. ती हिरवट, जिभेवर बसणारी चव ज्याच्या घरात पितळेची भांडी होती त्यालाच ठाऊक. आईला विचारलं तर ती म्हणाली, “कळकतं म्हणजे कळकतं, त्यात काय सांगायचं?” शेवटी ‘ताकाला धातूची चव येते’ अशा अर्थाचं लिहिलं. ‘ताई’ मात्र तसंच ठेवलं, त्याला ‘मॅडम’ करणं मला जमेना.

डीसीपी, म्हणजे थिएटरच्या पडद्यावर दाखवायची फाइल, निवड झाली तरच लागते, अर्जाला नुसती लिंक पुरते. पण तू असतास तर आधी थिएटरात ऐकून घेतलं असतंस, म्हणून डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरवर घरीच बनवली. पहिल्यांदा सेकंदाला 24 फ्रेमवर झाली. आपण ट्यूबलाइट लपलपू नये म्हणून 25 वर शूट केलेलं, त्यामुळे 14 मिनिटांची 14 मिनिटं 35 सेकंद झाली आणि चाचांचा आवाज जड यायला लागला. इतर कुणाला कळलंही नसतं, तुला पहिल्याच वाक्याला कळलं असतं. पुन्हा 25 वर बनवली. इथल्या थिएटरच्या मालकांनी सकाळच्या शोआधी अर्धा तास दिला. रिकाम्या खुर्च्या, फिनेलचा वास, मी एकटा मधल्या रांगेत. पहिली हातोडी पडली ती थेट छातीत लागली रे.

संमतिपत्रावर चाचांची सही घ्यायला गेलो होतो. आधी त्यांनी कल्हईची बोटं धोतराला पुसली, मग उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली. कागदावर रेघ होती तिच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली आणि बरोबर डाव्या टोकाला संपवली. पुतण्याला फिल्म यूट्यूबवर हवी होती. बऱ्याच महोत्सवांना आधी सगळ्यांसाठी खुली झालेली फिल्म चालत नाही, म्हणून त्याला थांबायला सांगावं लागलं. त्याचा चेहरा पडला. चाचांना मात्र रविवारी त्यांच्या ओसरीवर चादर बांधून दाखवणार आहे.

लिंक आणि पासवर्ड वेगळा पाठवतो. मोबाइलवर बघू नकोस, हेडफोन लाव. नवव्या मिनिटाला परात पाण्यात जाते तिथलं चर्र मला थोडं मोठं वाटतंय. शेवटच्या तारखेला अजून आठवडा आहे आणि त्याच लिंकवर फाइल बदलता येते. तू ऐकून सांग, तू म्हणशील तेवढं खाली घेतो.

तुझाच