सांगलीच्या आमच्या बुद्धिबळाच्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की "अहो, मी कुठे काय केलं" म्हणून तुम्ही विषय उडवून लावता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि तुमच्या ओट्यावर पालकांची रीघ लागली. मीही त्यातलीच. "स्पर्धेत कधी उतरवायचं?" हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. बुद्धिबळाला वाहून घेतलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेंच्या गावात तो येणारच म्हणा! तुम्ही मात्र राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट सगळे डब्यात परत टाकलेत आणि पाच-सहा वर्षांच्या पोरांपुढे नुसती प्यादी मांडलीत. ज्याचं प्यादं पलीकडच्या टोकाला आधी पोचेल, तो जिंकला. बरेच दिवस एवढंच चाललं. काही आया कुरकुरल्याही. पण मुलं त्यातच "मला तीन चाली लागतात, त्याला दोनच" असं मोजायला लागली. प्यादं चालतं सरळ, मारतं तिरकं आणि मागे कधीच येत नाही, हे त्यांना पाठ करावं लागलं नाही.

मग टच मूव्ह आला. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. आमच्या लेकीचा हात डोक्याच्या आधी धावायचा. तुम्ही तिला हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलंत. रागावला नाहीत, ओरडला नाहीत. आता चित्र रंगवतानाही ती रंग उचलण्याआधी थांबते.

सगळ्यात मोठं देणं म्हणजे प्रत्येक चालीआधी विचारायला लावलेला तुमचा तो प्रश्न: "समोरच्याला काय हवंय?" सहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला सांगणं सोपं नाही. परवा धाकट्यानं आमच्या लेकीची गाडी ओढली, तर रडायच्या ऐवजी म्हणाली, "त्याला गाडी नकोय, त्याला माझ्याशी खेळायचंय." दर वेळी इतकं शहाणपण असतं असं नाही, भांडणं रोज होतात!

हरल्यावर हात मिळवायचा आणि दोघांनी मिळून डाव पुन्हा लावून कुठे बिनसलं ते शोधायचं, ही तुमच्याकडची रीत. हरलेली मुलं त्या शोधात रडणं विसरतात, हे मी ओट्याच्या पायरीवर बसून पाहिलंय.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, ती म्हणजे तुमचा खरेपणा. बुद्धिबळानं गणिताचे मार्क वाढतात, असं क्लासवाले छातीठोकपणे सांगतात. इंग्लंडमधल्या शंभर शाळांच्या अभ्यासात, शिकवणी संपल्यावर वर्षानं तपासलं तेव्हा, गणितात फरक दिसला नाही. २०१६ चा तो निष्कर्ष तुम्हीच आम्हाला सांगितलात. "मार्कांसाठी पाठवत असाल तर नका पाठवू," असंही म्हणालात. त्या दिवशी दोन-तीन पालक कमी झाले. उरलेल्यांचा विश्वास मात्र पक्का झाला.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची येतेय. पाच वर्षांची आहे, एका जागी बसत नाही. तिलाही घेऊन येऊ का?

आपली,
सगळ्यात पुढे बसणाऱ्या दोन वेण्यांची आई