गॅरेजच्या टाइल्स आणि मुंबईची ओल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की मुंबईत घरदुरुस्तीची कामे निघतात. हल्ली त्यात गॅरेजच्या जमिनीचाही नंबर लागू लागला आहे. पार्ले-मुलुंडकडचे उरलेसुरले बंगले असोत की गोराई-चारकोपची रो-हाउस, कोबा उखडलेला असतो, त्यावर मारलेल्या एपॉक्सी रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि दुकानदार सांगतो, ‘इंटरलॉकिंग टाइल्स टाका, तोडफोड नाही, एका दिवसात काम.’ त्यात खोटे काही नाही. पण निवड होते ती रंगावर आणि ‘इतके टन वजन सोसते’ या आकड्यावर. खालच्या कोब्यात ओल किती आहे, हे कुणी बघत नाही. मुंबईत तरी सुरुवात तिथून व्हायला हवी, म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंटरलॉकिंग म्हटले की बरेच मिस्त्री फुटपाथवरचे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक समजतात. ते साठ-ऐंशी मिलिमीटर जाड असतात, वाळूच्या थरावर बसतात आणि त्यासाठी जमीन खोदावी लागते. इथे विषय आहे तो कोब्यावर नुसत्या पसरून एकमेकींत अडकवायच्या प्लास्टिकच्या किंवा रबरी टाइल्सचा. ना सिमेंट, ना सोल्युशन. आणि गॅरेज म्हणजेही खरेखुरे गॅरेज: २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. स्टिल्टखालच्या, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या उघड्या पार्किंगला सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये, दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात, गॅरेज मानले नाही. त्या निकालाप्रमाणे ती जागा सोसायटीची. तिथे टाइल टाकायची तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद स्वच्छ झाडलेल्या कोब्यावर पसरावा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि २४ तास तसाच ठेवावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल, तर जमिनीतून ओल वर येते आहे. एक तुकडा मागच्या भिंतीजवळ आणि एक शटरजवळ लावावा, कारण दोन्हीकडचे निकाल वेगळे येतात. ही तपासणी पावसाळ्यात किंवा तो संपताच करावी. मे महिन्यात ओला कोबासुद्धा कोरडा ठणठणीत दिसतो आणि तेव्हाचा निकाल फसवतो. एपॉक्सीचे पापुद्रे सुटतात तेही याच ओलीमुळे. खालून येणाऱ्या वाफेला वाट मिळाली नाही की ती रंगालाच ढकलते. इंटरलॉकिंग टाइल चिकटवलेली नसल्याने सुटत नाही, एवढाच तिचा फायदा. ती ओल थांबवत नाही.

बाजारात चार प्रकार मिळतात. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपीच्या टाइल्स कडक असतात, साधारण ३० किंवा ४० सेंटिमीटर चौरस, १२ ते १८ मिलिमीटर उंच, खालून पायांवर उभ्या. पीव्हीसीच्या टाइल्स लवचीक, बहुधा ५० सेंटिमीटर चौरस आणि ५ ते ७ मिलिमीटर जाड. त्यांचे सांधे जिगसॉ पझलसारखे असतात. तिसरा प्रकार रबरी, टायरच्या भुग्यापासून दाबून केलेला. चौथा फोमचा, लहान मुलांच्या खोलीत टाकतात तो. फोमचा विचार गाडीसाठी करूच नये. उभ्या गाडीचे स्टिअरिंग एकदा वळवले की तो फाटतो, पेट्रोल सांडले तर फुगतो. रबरी टाइल व्यायामाला उत्तम, पण ऑइलचे थेंब पडत राहिले तर ती फुगून कडा उचलते, आणि भुग्याची टाइल पाणी धरून ठेवते. बंद गॅरेजमध्ये तिचा वासही महिनोन् महिने जात नाही.

राहिल्या पीपी आणि पीव्हीसी. पीव्हीसीवर चालताना आवाज होत नाही, हातातून सुटलेला पाना टाइलही फोडत नाही आणि स्वतःही तुटत नाही. पण तिचा एक दोष दुकानात कुणी सांगत नाही. टायर लवकर तडकू नये म्हणून त्याच्या रबरात घातलेली रसायने पीव्हीसीत उतरतात आणि चाकांखाली चार पिवळट-तपकिरी डाग पडतात. गाडी तापून आली असेल तर जास्तच. हे डाग वरचे नसतात, आत मुरलेले असतात. साबण, थिनर, काहीही लावा, जात नाहीत. पीव्हीसी घ्यायची तर काळी किंवा गडद राखाडीच घ्यावी. पीपीला हा त्रास जवळजवळ नाही. ती खट्खट वाजते, ग्राइंडरच्या ठिणग्यांनी तिला भोके पडतात आणि हलक्या मालाचे सांधे ठिसूळ निघतात.

हलका माल ओळखायला पाण्याची बादली पुरते. पीपी पाण्यापेक्षा हलके असते, तुकडा तरंगायला हवा. बुडाला तर भरपूर खनिज भुकटी मिसळली आहे किंवा तो दुसराच प्लास्टिक आहे.

याच तरंगण्याची दुसरी बाजू मात्र हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे अशा सखल भागांच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावी. गॅरेजमध्ये घोटाभर पाणी शिरले की गाडी उभी नसलेल्या भागातली पीपीची सगळी चादर सतरंजीसारखी उचलली जाते, खाली गाळ शिरतो आणि पाणी उतरल्यावर ती वेडीवाकडी बसते. त्याला २६ जुलै २००५ सारखा दिवस लागत नाही, मोठी भरती आणि दोन तासांचा जोराचा पाऊस जुळला तरी पुरे. जिथे दरवर्षी पाणी भरते तिथे पीव्हीसी घ्यावी, ती बुडून जागेवर राहते. किंवा सरळ कोबा दुरुस्त करून घ्यावा आणि टाइलचा नाद सोडावा.

आता सलग की जाळीची? ओलीच्या तपासणीत थेंब दिसले असतील तर पायांवर उभी असलेली जाळीची पीपी. ओल्या कोब्यावर सलग पीव्हीसी टाकली तर खाली वाफ कोंडते, कोब्यातले मीठ पांढऱ्या थराने वर येते, बुरशी धरते आणि दार उघडताच कुबट वास येतो. जाळीच्या टाइलखालून हवा खेळते, गाडीवरून निथळलेले पाणी खाली जाते. पण खाली गेलेले पाणी पुढे कुठे जाते, हेही बघावे. कोब्याला शटरकडे ढाळ हवा, दहा फुटांना एक इंच असला तरी भागते. ढाळ उलटा असेल किंवा मध्ये खोलगट भाग असेल, तर टाइलखाली डबके साचते, आणि आठ-दहा दिवस साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. वरून काहीच दिसत नाही, हाच त्यातला धोका. बादलीभर पाणी ओतून बघावे. अर्ध्या तासाने जिथे पाणी उभे असेल तो खड्डा आधी भरून घ्यावा. गाडीतून ऑइल गळत असेल तर जाळीची टाइल टाकू नये. गळती खाली जमत जाते आणि दिसत नाही. आधी गळती काढावी, तोवर ट्रे ठेवावा.

‘टनांच्या’ आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. बाराशे किलोच्या गाडीच्या एका चाकावर ढोबळमानाने तीनशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर जमिनीवरचा दाब जवळपास तेवढाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. तो भार कुठलीही बरी टाइल सोसते. गाडीला टाइल दबत नाही, दबते ती जॅकच्या पायाला. तेच तीनशे किलो जॅक स्टँडच्या चार बारीक कडांवर, समजा दहा चौरस सेंटिमीटरवर आले, तर दाब तीस किलो होतो, बारापटीहून जास्त. स्कूटर-बुलेटच्या साइड स्टँडचेही तसेच. रात्रभर एका बिंदूवर भार राहिला की पीव्हीसीत खळगा पडतो आणि जाळीच्या टाइलची एखादी पट्टी तुटते. जाहिरातीतला आकडा हा सगळ्या टाइलवर समान पसरलेल्या वजनाचा असतो. म्हणून साइड स्टँडखाली फूटभर चौरस १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा, आणि जॅकखाली ६ मिलिमीटरची लोखंडी पाटी. टाइल घेताना ती उलटी करून बघावी: खालचे पाय दाट आणि एकमेकांना पट्ट्यांनी जोडलेले असतील तर चांगली, नुसते चार कोपऱ्यांवर आणि मध्ये एक असतील तर परत ठेवावी.

नमुना एक मागू नये, चार मागावेत. चारही जोडून एका कोपऱ्याने उचलावेत. सांधा सुटला तर विषय संपला. मग चाकाखाली ठेवून जागेवर स्टिअरिंग वळवावे, आणि एका टाइलवर चमचाभर इंजिन ऑइल रात्रभर ठेवून सकाळी पुसून बघावे.

मोजणीत सर्वाधिक पैसे वाया जातात. दहा बाय अठरा फुटांचे गॅरेज घ्या, म्हणजे ३०४८ बाय ५४८६ मिलिमीटर. टाइल ३०० मिलिमीटरची असेल तर रुंदीत दहा बसून ४८ मिलिमीटर उरतात, दोन्ही भिंतींशी २४-२४, कापाकापी नाही. लांबीत अठरा टाइल्सचे ५४०० होतात, पुढची रॅम्प पट्टी (गाडी वर चढावी म्हणून कडेला लावायची उतरती पट्टी) आणि मागची फट यांना ८६ मिलिमीटर उरतात. एकूण १८०, वर आठ-दहा जादा. तीच टाइल पुरत्या बारा इंचांची, ३०५ मिलिमीटरची निघाली तर दहा टाइल्सचे ३०५० होतात, गॅरेजपेक्षा दोन मिलिमीटर जास्त, आणि एक पूर्ण ओळ कापावी लागते. ४० सेंटिमीटरची घेतली तर ८ गुणिले १४, म्हणजे ११२ लागतात, १६.७ चौरस मीटरच्या जागेला जवळजवळ १८ चौरस मीटर माल. दर नगावर सांगतात, तो चौरस फुटावर आणून ताडून बघावा: ३०० मिलिमीटरची टाइल ०.९७ चौरस फूट, ४०० ची १.७२, ५०० ची २.६९. आणि गॅरेजची रुंदी पुढे, मध्ये, मागे अशी तीन ठिकाणी मोजावी. जुन्या बंगल्यांत भिंती गुण्यात असतीलच असे नाही, इंचभर फरक निघतो.

भिंतींशी फट ठेवायलाच हवी, निदान १० मिलिमीटर. तापमान १५ अंशांनी वाढले तर साडेपाच मीटर पीपी ८ ते १० मिलिमीटर लांबते. हिवाळ्यात भिंतीला घट्ट भिडवलेली जमीन मे महिन्यात मधोमध फुगते आणि लोक कंपनीला दोष देतात.

बसवायला सुरुवात शटरकडून करावी, म्हणजे अख्ख्या टाइल्स दर्शनी भागात येतात आणि कापलेल्या मागे. प्रत्येक टाइलला दोन बाजूंना कड्या आणि दोन बाजूंना खुंट्या असतात. काम ज्या दिशेने सरकणार तिकडे कड्या ठेवाव्यात, नवी टाइल वरून ठेवून रबरी हातोड्याने ठोकावी. लोखंडी हातोडीने खुंटी तडकते आणि ते महिन्याभराने कळते. असे केले की शटरच्या बाजूला खुंट्या येतात, तेव्हा रॅम्प पट्टी कड्यांची मागवावी. उलटी आली तर बसतच नाही. पीपी बारीक दातांच्या जिगसॉने हळू कापावी, वेगाने कापली तर वितळून पात्याला चिकटते. पीव्हीसीला धारदार कटर आणि पट्टी पुरते. घरात उघडणारे दार असेल तर दाराखालची फट आधी मोजावी. १८ मिलिमीटरची टाइल आणि ८ मिलिमीटरची फट असेल तर सुताराला बोलवावे लागते. शटरही रॅम्प पट्टीवर बसून कुलूप लागते का, हे टाइल विकत घेण्यापूर्वी पट्टीचा तुकडा ठेवून पाहावे.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दसऱ्याच्या सुमारास, शटरजवळच्या दोन ओळी आणि चाकांखालच्या ओळी उचलून खालची माती झाडून घ्यावी. उचलताना खडूने मागे आकडे टाकावेत, कारण घासलेल्या टाइल्स जागा बदलून बसवल्या की उंचसखल लागतात. जादा आणलेल्या टाइल्स भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत, आडव्या रचून ठेवाव्यात. उभी राहून वाकलेली टाइल पुढच्या वर्षी सांध्यात बसत नाही.

कळावे,
फ्लोअरिंगची कामे करणारा एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई