साखर चढवण्याआधी

जळगाव

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

मेडिसिनच्या वॉर्डात तुझी ड्यूटी लागली, म्हणून थायमिन कमी पडून हृदय थकवणाऱ्या बेरीबेरीबद्दल हे एवढं नीट वाच.

धडगाव-अक्कलकुव्याकडचा पेशंट डोळ्यांपुढे आण. मोहाची दारू रोज, पंधरा-वीस दिवस उलट्या, पोटात नुसती भाताची पेज. नातेवाईक म्हणतात, "ताकदीची सलाईन लावा." मग पाच टक्के डेक्स्ट्रोज लागतं. दोन लिटर म्हणजे १०० ग्रॅम साखर. ती जाळायला थायमिन लागतं, म्हणजे बी-वन. त्याचा अंगातला साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. खाणं सुटलं की दोन-तीन आठवड्यांत संपतो. थायमिन नसलं की साखरेपासून झालेलं पायरुव्हेट पुढे जळत नाही, त्याचं लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचं आम्ल, होऊन रक्तात साचतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि हृदयाला जास्त पंप करावं लागतं तेव्हाच त्याची ऊर्जा आटलेली असते.

फसगत इथे होते. पाय सुजलेले, मानेची शीर फुगलेली, पण तळहात गरम, नाडी उसळती आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग छान. कोणी सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, समजून सलाईन वाढवतो, कोणी लघवी वाढवणारं लॅसिक्स देतो. लॅसिक्सनं तर लघवीवाटे थायमिन आणखी जातं. शोशिन या बेरीबेरीच्या झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकारात काही तासांतच हातपाय गार-निळे पडतात, बीपी लागत नाही. आम्ल मारायला बायकार्ब दिलं तरी लॅक्टेट हटत नाही. लॅक्टेटचं कारण सापडत नसेल आणि पेशंट उपाशी राहिलेला असेल, तर सीनियरला सांग आणि थायमिन लगेच सुरू करा: २०० मिलिग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. क्वचित अ‍ॅलर्जी होते, म्हणून अ‍ॅड्रेनलीन हाताशी ठेव. थायमिनची पातळी तपासायची तर पहिल्या डोसाआधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घे, पण रिपोर्टसाठी थांबू नकोस. लागू पडलं तर काही तासांत लॅक्टेट उतरतं, लघवी सुटते. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन नीट काम करत नाही. तेही भरून काढ. रक्तवाहिन्या पुन्हा आवळल्या की थकलेलं हृदय कधी कधी मागे पडतं, म्हणून इको परत कर.

व्हिटॅमिन घातलेल्या पिवळ्या सलाईनवर विसंबू नकोस. तो पिवळा रंग बी-टूचा असतो. बी-वन किती आहे ते अँप्यूलवर वाच.

आणि हे फक्त दारूवाल्यांचं दुखणं नाही. स्वादुपिंडाच्या सुजेनं तोंड बंद ठेवलेला, डायलिसिसवरचा, गरोदरपणी सतत ओकणारी, शिरेतून पोषण चालू असलेला, हे सगळे त्यात येतात. अमेरिकेत १९९७ साली मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला, तेव्हा शिरेतून पोषण घेणाऱ्यांत थायमिनअभावी लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस, म्हणजे लॅक्टेट साचून रक्त आम्लधर्मी होणं, झालेला नोंदला गेला. पेशंट हॉस्पिटलमध्येच होते, नि पिशवीत साखर होती, बी-वन नव्हतं.

पेशंट खायला लागला की घरचे साबुदाण्याची खीर आणि ग्लुकोजची बिस्किटं आणतात. साबुदाण्यात थायमिन जवळजवळ नसतंच. त्यांना सांग, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणा, दाण्याची चटणी आणा. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करून द्या. डिस्चार्जच्या कागदावर थायमिनची गोळी, १०० मिलिग्रॅम रोज, स्वतःच्या हातानं लिही.

तुझी आई