‘१८ जणांसाठी’ म्हणून दिलेल्या घरात १४ जणांचीच सोय: परतावा आणि जाहिरातीतील दुरुस्तीबाबत तक्रार

रामबाग, इंदूर
१२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन निवास आरक्षण विभाग

विषय: २४ ते २८ डिसेंबर २०२५ या चार रात्रींचे इंदूर येथील आरक्षण

महोदय,

वरील चार रात्रींसाठी आपल्या संकेतस्थळावरून इंदुरातले एक संपूर्ण घर आम्ही आरक्षित केले होते. पुणे, ठाणे आणि नागपूरहून येणारे नातेवाईक धरून एकूण १७ माणसे: १२ मोठी, ६ ते १२ वर्षांची ४ मुले आणि एक दीड वर्षाचे बाळ. सगळ्यांची वये आपल्या रकान्यांत भरल्यावरच हे घर ‘तुमच्या गटासाठी योग्य’ असा शिक्का घेऊन यादीत सर्वांत वर आले. जाहिरातीत लिहिले होते: पाच खोल्या, १८ जणांची सोय, चार बाथरूम, स्वयंपाकघर, राजवाड्याजवळ, प्रत्येक खोलीचे रात्रीला २,५०० रुपये. यातला खोल्यांचा आकडा तेवढा खरा निघाला.

२९ डिसेंबरला ॲपवरून तक्रार केली. तिला आपोआप येणाऱ्या पोचेपलीकडे उत्तर नाही. म्हणून मोजमापांसह लिहीत आहोत.

आधी झोपण्याच्या जागेबद्दल, कारण १८ हा आकडा कुठून आला हे आम्हाला अजून समजलेले नाही. चार खोल्या १० बाय ११ फुटांच्या आहेत. प्रत्येकीत ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग आणि एक कपाट. पलंग भिंतीला लावला की बाजूला ५ फूट उरतात. ३ बाय ६ ची एक गादी तिथे बसते आणि चालायला २ फुटांची वाट राहते. दुसरी गादी शेजारी टाकायची तर ६ फूट लागतात, तेवढे नाहीत. पायथ्याशी साडेचार फुटांची पट्टी आहे, पण दार आत उघडते ते तिथेच. तिथे गादी टाकली तर रात्री उठणाऱ्याला दार उघडता येत नाही, आणि आग लागली किंवा कोणाची तब्येत बिघडली तर हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणजे खोलीत तीन, चार खोल्यांत बारा. पाचवी खोली ८ बाय १० ची. तिच्यात ४ बाय ६ चा पलंग आहे, दोन मोठी माणसे त्यावर दाटीवाटीने झोपतात. एकूण १४. घरमालकाने जादा गाद्याही चारच ठेवल्या होत्या, म्हणजे जागा किती आहे हे त्यांना नीट माहीत होते. बाळ आईजवळ झोपते असे धरले तरी आम्हाला १६ जागा हव्या होत्या.

घरमालकाने भरायच्या आपल्या पानावर क्षमतेसाठी ‘माणसे’ हा एकच रकाना आहे. घरमालक त्यात वाटेल तो आकडा भरतो आणि तोच आकडा शोधयादी लावतो. किती पलंग, कोणत्या मापाचे, जमिनीवर किती गाद्या आणि त्या टाकल्यावर दार उघडते का, हे घरमालकाला कोणी विचारतच नाही. दोघांच्या खोलीला हे चालून जाते. १७ माणसांच्या घरात प्रत्येक खोलीतली अर्ध्या माणसाची चूक साठत जाऊन शेवटी दोन-तीन माणसे रात्री बैठकीत बसून राहतात.

आता पाणी. मोठ्या कुटुंबाची सहल बहुतेक वेळा इथेच अडते, आणि पलंग मोजणारेसुद्धा हे मोजायला विसरतात. जाहिरातीतल्या चार बाथरूमपैकी एक नुसते शौचालय आहे, त्यात आंघोळीची सोय नाही. उरलेल्या तिनांपैकी दोघांतच गिझर आहेत, दोन्ही १५ लिटरचे आणि २,००० वॉटचे. हिशोब असा: ६० अंशांचे १५ लिटर पाणी २० अंशांच्या नळाच्या पाण्यात मिसळले की ४० अंशांचे ३० लिटर होते, म्हणजे दीड बादली. पुढची टाकी तापायला साधारण २१ मिनिटे लागतात. १७ माणसांना २० लिटरची एकेक बादली म्हणजे ३४० लिटर, त्यातले १७० लिटर गिझरमधून यायला हवे. दोन गिझरांचे पहिले ३० लिटर तयार असतात. बाकीचे १४० लिटर तापायला आणखी शंभरेक मिनिटे लागतात, तीही एकाच्या मागोमाग दुसरा आत गेला तर. डिसेंबरच्या पहाटे इंदुरात नळाचे पाणी २० अंशांपेक्षा थंड असते, म्हणजे प्रत्यक्षात वेळ जास्तच. महेश्वरला, म्हणजे ९० किलोमीटरच्या आसपास जायचे असेल तर सकाळी सहाला निघावे लागते. या घरातून त्यासाठी चारपासून आंघोळीची रांग लावावी लागते.

आणि गिझर तरी दोन्ही एकदम चालावेत. दोन्ही गिझर आणि स्वयंपाकघरातली १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणाऱ्या बटणावर, जोडलेली आहे. तिन्ही मिळून ५,८०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला २५ अँपिअर. सकाळी चहा ठेवला की बटण पडते. एमसीबी पडणे हा एमसीबीचा दोष नाही, तो आपले काम करतो. दोष जोडणीचा आहे. प्रत्येक गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरचे सर्किट द्यायला हवे होते. यावर रखवालदाराने ३२ चा एमसीबी बसवून देतो असे सुचवले. त्याला आम्ही ठाम नकार दिला, कारण १६ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेल्या वायरवर ३२ चा एमसीबी बसवला तर बटण पडत नाही, भिंतीतली वायर तापत राहते. ही गोष्ट त्या घरात आमच्यानंतर उतरणाऱ्या कुटुंबांसाठीही आपण तातडीने तपासून घ्यावी. पैशांच्या परताव्यापेक्षा आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते.

गच्चीवरची टाकी १,००० लिटरची आहे. शहरी घरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे रूढ प्रमाण धरले तर १७ जणांना जवळजवळ २,३०० लिटर लागतात. इंदुरात पुष्कळ वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून इथे घर भाड्याने घेणारा जाणता माणूस पहिला प्रश्न टाकीचा आणि बोअरिंगचा विचारतो. आपल्या जाहिरातीत दोन्हींचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी कोरडी पडली.

घर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि सगळ्या घरात मिळून एकच कमोड, तोही वरच्या मजल्यावर. बाकीची शौचालये देशी पद्धतीची. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना हे जमण्यासारखे नव्हते. त्यामुळे चार ज्येष्ठांसाठी जवळच्या लॉजमध्ये तळमजल्यावर दोन खोल्या वेगळ्या घ्याव्या लागल्या: १,२०० रुपयांप्रमाणे दोन खोल्या, चार रात्री, ९,६०० आणि त्यावर ५ टक्के कर ४८०, एकूण १०,०८० रुपये. ती उरलेली १३ माणसे तेव्हा कुठे घरात मावली.

‘राजवाड्याजवळ’ म्हटलेले घर विजयनगरच्या पुढे, बायपासच्या बाजूला आहे. रस्त्याने ११ किलोमीटर. १७ माणसे हलवायची तर तीन-तीन जणांच्या हिशोबाने सहा रिक्षा लागतात, म्हणून मोठ्या कुटुंबाला अंतराचा भुर्दंड दोघांच्या कित्येक पट बसतो. पण अंतराहून जाच झाला तो फाटकाचा. घराचे फाटक रात्री ११ ला बंद होते आणि पहाटे साडेपाचला उघडते, हे आरक्षणाआधी कुठेही लिहिलेले नव्हते. इंदूर पाहायला येणाऱ्याला सराफ्यात जायचेच असते, आणि सराफ्यातले खाण्याचे ठेले सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर लागतात. गर्दी भरते ती दहानंतर. उज्जैनच्या महाकाळाची भस्मारती पहाटे ४ ला असते. उज्जैन ५५ किलोमीटर, शिवाय रांगेत आधी लागावे लागते, म्हणजे इंदुरातून मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. या शहरात ११ ला फाटक लावणारे घर सहलीच्या कुटुंबाला देऊ नये, आणि द्यायचेच तर ही वेळ दराच्या शेजारी ठळक लिहावी.

आता पैसे. पाच खोल्या, २,५०० चा दर, चार रात्री: ५०,००० रुपये. १७ माणसांत माणशी रात्रीचे ७३५. हाच आकडा बघून आम्ही हे घर घेतले. छोटी ग्वालटोली आणि सरवटे बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये तीन-चार पलंगांच्या खोल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो आणि स्टेशनही हाकेच्या अंतरावर. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमासामुळे लग्ने थांबलेली असतात, तेव्हा मंगल कार्यालयांच्या खोल्याही विचारल्या तर मिळतात. सगळ्यांना एका छताखाली ठेवायचे म्हणून आम्ही ते पर्याय सोडले.

पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर या ५०,००० शिवाय सफाई शुल्क २,००० आणि सुविधा शुल्क १,१८० रुपये आले. पहिल्या पानावर दोन्ही नव्हती. वर घड्याळ उलटे चालत होते आणि ‘या तारखांना शेवटचे घर’ असे लाल अक्षरांत येत होते. आरक्षणानंतर दोन दिवसांनी तेच घर त्याच तारखांना दुसऱ्या दराने दिसत होते, त्याचे चित्र सोबत जोडले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची मांडणी) मार्गदर्शक सूचनांत दर टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि खोटी घाई लावणे हे दोन्ही प्रकार नावानिशी दिलेले आहेत.

सर्वांत मोठी रक्कम कराची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका युनिटचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेले की १८ टक्के. आपण जाहिरात केली खोलीमागे २,५०० ची, पावतीवरही पाच खोल्या आणि खोलीचा दर छापला, आणि कर मात्र संपूर्ण घर १२,५०० चे एक युनिट धरून १८ टक्क्यांनी लावला. ५०,००० वर ५ टक्के म्हणजे २,५००. आमच्याकडून घेतले ९,०००. फरक ६,५०० रुपये. घर एक युनिट म्हणून विकायचे असेल तर दरही तसाच आणि करासह दाखवावा, म्हणजे मोठे कुटुंब सुटे पाच दर आणि एक दर यांची तुलना करू शकेल. विकताना खोली आणि कर लावताना घर, असे दोन्ही एकदम करता येणार नाही.

१०,००० रुपयांच्या अनामतीतून ३,५०० ‘जादा वीज व सफाई’ म्हणून कापले. मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे मागितले, ते मिळाले नाहीत. सफाईचे २,००० आधीच घेतलेले आहेत.

तेव्हा आमची मागणी अशी: कराचा फरक ६,५००, सफाई शुल्क २,०००, सुविधा शुल्क १,१८०, लॉजचा खर्च १०,०८० आणि कापलेली अनामत ३,५००, मिळून २३,२६० रुपये मूळ खात्यात परत करावेत. त्या घराची वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडून तपासून होईपर्यंत नवीन आरक्षणे थांबवावीत आणि जाहिरातीतला आकडा १८ वरून १४ करावा.

याशिवाय दहापेक्षा जास्त माणसांच्या प्रत्येक घरासाठी घरमालकाकडून एवढी माहिती सक्तीने भरून घ्यावी: पलंगांची मापे खोलीनिहाय, गाद्यांची संख्या, आंघोळीच्या जागा आणि त्यांतले चालू गिझर किती लिटरचे, कमोड किती आणि कोणत्या मजल्यावर, टाकीची क्षमता, लिफ्ट, फाटकाची वेळ, १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी करायला जागा आहे का, आणि मुख्य ठिकाणापासूनचे रस्त्याचे अंतर. खोलीच्या फोटोत गादी अंथरलेली आणि दार उघडलेले दिसावे. घरमालकाला हे भरायला अर्धा तास पुरतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आपण ४८ तासांत या तक्रारीची पोच द्यायची आहे आणि एका महिन्यात निवारण करायचे आहे. तसे न झाल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इंदूर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने काही फरक पडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही.

सोबत: आरक्षणाची पावती, जाहिरातीची चित्रे, खोल्यांचे टेप लावून काढलेले फोटो, गिझर आणि एमसीबीवरच्या पट्ट्यांचे फोटो, लॉजची दोन बिले, अनामत कापल्याचा संदेश.

आपले,
आरक्षण करणारे कुटुंब
(सोबत उतरलेल्या सर्व नातेवाइकांच्या वतीने)