इझमिरला येतेयस तर घर असं बघ

प्रिय सुमे,

तुझा मेसेज आला तेव्हा मी वापूरमध्ये होते, वापूर म्हणजे इथली फेरीबोट, आणि 'जॉब पक्का झाला, सासूबाईपण सोबत येतायत' हे वाचून मी एवढ्या मोठ्यांदा 'अगं बाई' म्हणाले की शेजारच्या आजी दचकल्या, मग माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी चांगलं झालंय, तर त्यांनी हातातलं गेव्हरेक तोडून अर्धं मला दिलं. गेव्हरेक म्हणजे वरून तीळ लावलेली कुरकुरीत गोल पावाची कडी. बाकी तुर्कस्तानात सिमित म्हणतात, पण इझमिरमध्ये गेव्हरेकच.

आता घराचं. तू पाठवलेल्या सगळ्या लिंका बघितल्या आणि मला जरा काळजीच वाटली, कारण सगळ्या समुद्र दिसणाऱ्या बाल्कनीच्या आहेत आणि एकीतही इमारत कधीची ते लिहिलेलं नाहीये. सुमे, बाल्कनी नंतर, आधी इमारतीचं वय विचार. ३० ऑक्टोबर २०२० ला इथे भूकंप झाला, केंद्र तिकडे सामोस बेटाजवळ समुद्रात, लांब, आणि इमारती पडल्या बायराक्लीत. ११७ माणसं गेली. तिथली, आखाताच्या टोकाची जमीन गाळाची, मऊ, ती जास्त हलते, आणि त्यावर जुनी बांधकामं. मी राहते त्या बोस्तान्लीची जमीनही काही खडकाळ नाही, म्हणून तर सांगतेय. १९९९ च्या मोठ्या भूकंपानंतर नियम कडक झाले, त्यामुळे इथे कोणीही घर बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, २००० च्या नंतरची आहे ना? तूपण तोच विचार, आणि लाजू नकोस.

माझं पहिलं घर आल्सांजाकला होतं, चौथा मजला, लिफ्ट नाही, पण खाली उतरलं की किब्रिस शेहितलेरी हा गाड्या नसलेला रस्ता आणि पाच मिनिटांवर कोर्दोन, म्हणजे समुद्राकाठचा लांबच लांब गवताचा पट्टा, संध्याकाळी सगळं गाव तिथे बसलेलं असतं. एकट्या माणसाला फार छान. पण रात्री दोनपर्यंत आवाज, आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग, घरमालक म्हणाला रंगाची आहे. मी सोडलं तेव्हा त्याने डिपॉझिटही दिलं नाही. म्हणून करार कर तो नोटरीकडून कर, तसाही राहण्याच्या परवान्याला लागतोच. आणि सही करायच्या आधी तो महल्ला नवीन परदेशी लोकांच्या नोंदणीला उघडा आहे ना ते बघ, कारण २०२२ पासून जिथे परदेशी लोक वस्तीच्या २० टक्क्यांवर गेलेत तिथे नवीन नाव लागत नाही. भाड्याशिवाय आयदात वेगळं द्यावं लागतं, आपल्या सोसायटी मेंटेनन्ससारखं, ते आधीच विचारून ठेव.

तुझं ऑफिस बोर्नोव्हात, म्हणून तू तिथलीच घरं बघतेयस हे समजतं. बोर्नोव्हा वाईट नाही गं. एगे युनिव्हर्सिटीमुळे पोरापोरींची गर्दी, मेट्रो आहे, आणि मधेच जुन्या लेव्हांटिन, म्हणजे युरोपातून येऊन इथेच राहिलेल्या व्यापाऱ्यांचे बागांमध्ये लपलेले मोठे वाडे, म्हणजे परदेशी माणसाने इथे येऊन घर करणं काही आजचं नाही. पण समुद्र नाही, आणि सासूबाई दिवसभर घरात काय करणार? गोझतेपे, गुझेल्याली शांत आहे, ट्रामही आहे, पण तुला उलट्या टोकाला. मावीशेहीर नवीन, टॉवरच टॉवर, खाली उतरल्यावर बोलायला माणूस नाही.

माझं म्हणणं, कार्शियाकाला ये, माझी बोस्तान्ली त्यातच येते. शब्दाचा अर्थच पलीकडचा काठ. इझमिरच्या गाडीची नंबरप्लेट ३५, तर कार्शियाकावाले स्वतःला साडेपस्तीस म्हणवतात, एवढा अभिमान. तुला इझबान लोकलने हाल्कापनार आणि तिथून मेट्रो, एकच बदल. सासूबाईंना सपाट रस्ता, समुद्राकाठी बाक, आणि बुधवारी बोस्तान्लीचा पाझार, तिथे त्या तीन तास सहज रमतील. मला तर भाजीवाल्या बायका आता ओळखतात, वाळलेली लाल मिरची हातात घेऊन वास घ्यायला देतात. ऊन्हाळ्यात दुपारी इंबात नावाचा समुद्रावरचा वारा सुटतो, त्याने जीव थंड होतो. खोटं नाही सांगणार, २०२४ च्या उन्हाळ्यात आखातात मासे मेले होते आणि किनाऱ्यावर फार वास होता, म्हणून अगदी पाण्याला लागून घर घेऊ नकोस, दोन गल्ल्या आत घे.

आणि खाण्याची भीती काढून टाक. एजियन काठचं जेवण म्हणजे ऑलिव्ह तेल आणि पालेभाज्या, त्याला झेतिनयाली म्हणतात, थंडच खातात. वसंतात आर्टिचोक, भोपळ्याच्या फुलात भात भरून केलेलं दोल्मा, समुद्राकाठी उगवणारी खारट देनिझ ब्योरुलजेसी लसूण घालून. सासूबाईंना एस्नाफ लोकांतासीत ने, म्हणजे दुकानदार दुपारी जेवतात ती साधी खानावळ, काचेमागे सगळी पातेली दिसतात, बोट दाखवायचं. फक्त एक वाक्य पाठ कर, 'एत सुयु वार मी', यात मटणाचं पाणी आहे का? कारण 'व्हेजिटेरियन' म्हटलं की लोक मनापासून चिकन आणून ठेवतात, आणि भात किंवा मसुराचं सूप नुसतं दिसायला शाकाहारी असतं, मी पहिले दोन महिने काय खाल्लं देव जाणे.

सकाळी बोयोझ. खारीसारखा पदर सुटलेला गोल, १४९२ नंतर स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी इथे आणलेला, सोबत उकडलेलं अंडं आणि चहा, अंडं नको तर नुसता खा. कुमरू, म्हणजे इथला सँडविच, घेतलास तर चीज आणि टोमॅटोचाच माग, नाहीतर सॉसेज घालतात. रविवारी केमेराल्तीला, म्हणजे जुन्या बाजारात जाऊ, कझलाराआसी हान या जुन्या सराईच्या अंगणात कॉफी पिऊ, १७४४ ची इमारत, दगड थंडगार असतात. तिथल्याच गल्ल्यांत जिरं, हळद, मसूर, हरभरे सगळं मिळतं.

आणि हे सासूबाईंना आवर्जून सांग. रस्त्यात कुठे मोठी कढई लावून लोकमा तळताना दिसतील, पाकात बुडवलेला गोड पदार्थ, समोर रांग. ते विकत नाहीत, कुणीतरी गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात. रांगेत उभं राहायचं, घ्यायचं, 'आल्लाह काबुल एत्सिन', म्हणजे देव मान्य करो, म्हणायचं. बाबा गेले त्या वर्षी मला घरी येता आलं नाही, तुला माहितीये. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्याबरोबर गल्लीत लोकमा वाटला, बाबांचं नाव एका कागदावर लिहून गाडीला चिकटवलं, चुकीच्या स्पेलिंगमध्ये, आणि अनोळखी लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. त्या दिवसापासून मी बोस्तान्लीची झाले बघ.

त्या खालच्या बाईंच्याच मागच्या गल्लीत एक फ्लॅट रिकामा होतोय, २००८ ची इमारत, लिफ्ट आहे, दुसरा मजला, समुद्र दिसत नाही. उद्या जाऊन व्हिडिओ काढून पाठवते, सासूबाईंना दाखव. आणि बॅगेत हिंगाचे दोन डबे टाक, एक माझा.

तुझीच,
वैशू